‘आहे’ म्हणू नका, ‘किती’ ते सांगा!



आमच्या शेंदूरजनाघाटचा बागायतदार संत्र्याच्या झाडाला ताण देतो, तेव्हा ‘पाणी तोडायचे की नाही’ एवढाच प्रश्न त्याच्यापुढे नसतो. जमीन हलकी की भारी, पाने किती मलूल झाली, पाणी किती दिवस तोडायचे, हे सारे तो पाहतो. ताण कमी पडला तर बहार फुटत नाही. अति झाला तर झाडच हातचे जाते. ‘आहे-नाही’ आणि ‘किती’ यांतला फरक आपल्या बागांमध्ये असा रोज सांभाळला जातो. विज्ञानाच्या तासाला मात्र आपण तो विसरतो. मी पदार्थविज्ञान शिकवतो, तरी एकदा मीही विसरलो, आणि त्याची किंमत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मोजली.

हा विद्यार्थी आमच्याच भागात गॅरेज चालवतो. बचतीच्या पैशातून त्याने एक जुनी टर्बो पेट्रोल मोटार विकत घेतली. टर्बोची रचना तशी सोपी असते. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंच्या झोताने एक चक्र फिरते आणि त्याच आसावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. जास्त हवा, म्हणून जास्त पेट्रोल, म्हणून जास्त शक्ती. सातपुड्याचा चढ गाडीने जोमाने चढावा म्हणून या मुलाला टर्बोचा दाब थोडा वाढवायचा होता. त्यापूर्वी तो माझ्याकडे आला.

“सर, कंपनीचा ऑक्सिजन सेन्सर हाये ना गाडीत! मिश्रण बिघडलं तं तो सांगनच. मंग वेगळं मीटर कायले लावाव?”

“बरोबर आहे,” मी म्हणालो.

दोन महिन्यांत एका पिस्टनचा माथा वितळून त्याला भोक पडले.

माझे कोठे चुकले, ते आता पाहू. पेट्रोलचा एक भाग पूर्ण जळण्यास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. हवा याहून जास्त असेल तर गॅरेजच्या भाषेत मिश्रण ‘लीन’, आणि पेट्रोल जास्त असेल तर ‘रिच’. टर्बो पूर्ण दाब देत असताना अनेक पेट्रोल इंजिनांना हे प्रमाण १२ च्या आसपास, म्हणजे चांगलेच रिच लागते; जादा पेट्रोल ज्वलनकक्ष थंड ठेवण्यास मदत करते. तेच प्रमाण १३.५ च्या पुढे गेले, तर उष्णता वाढते, मिश्रण अवेळी भडकते आणि पिस्टन धोक्यात येतो.

जुन्या गाड्यांत असतो तो साधा ऑक्सिजन सेन्सर झिर्कोनियम ऑक्साइडचा. त्याच्या एका बाजूस बाहेरची हवा, दुसऱ्या बाजूस सायलेन्सरच्या नळीतला वायू. तापल्यावर त्यातून ऑक्सिजनचे आयन जाऊ शकतात, आणि दोन्ही बाजूंच्या ऑक्सिजनमधील तफावतीमुळे विद्युतदाब निर्माण होतो. तो किती, हे जर्मन शास्त्रज्ञ वाल्टर नेर्न्स्ट यांच्या समीकरणावरून काढता येते. सुमारे ७२५ अंश सेल्सियस तापमानाला ऑक्सिजनमधील दर दहापट तफावतीमागे साधारण ५० मिलिव्होल्ट मिळतात.

आता हिशेब करा. मिश्रण लीन असताना बाहेर पडणाऱ्या वायूत २ टक्के ऑक्सिजन उरला, तर हवेतील २१ टक्क्यांशी तफावत झाली दहापट. विद्युतदाब अवघा ५० मिलिव्होल्ट. मिश्रण रिच झाले की सेन्सरवरील प्लॅटिनमपाशी उरलासुरला ऑक्सिजनही खर्च होतो. हवेतील प्रमाणाला १७ वेळा दहाने भागावे, इतका तो नगण्य उरतो! विद्युतदाब एकदम ८५० मिलिव्होल्टच्या घरात उडी घेतो. पण पुढे पेट्रोल आणखी वाढवले, तरी त्यात फारसा फरक पडत नाही. १३.५ ला हा सेन्सर ‘रिच’ म्हणतो, १२ लाही ‘रिच’च म्हणतो. एक उत्तर पिस्टन वितळवणारे, दुसरे वाचवणारे. सेन्सरला दोन्ही सारखीच! शिवाय इंजिन पूर्ण जोरात असताना अशा गाडीचा संगणक बहुधा या सेन्सरचे ऐकतही नाही. आधी भरून ठेवलेल्या तक्त्याप्रमाणे पेट्रोल सोडतो.

यात सेन्सरचा दोष नाही. १९७६ साली बॉश कंपनीचा असा सेन्सर व्होल्वो मोटारींत बसू लागला, तो मिश्रण १४.७ पाशी राखून धूर शुद्ध करण्यासाठी. ते काम तो चोख करतो. आम्ही त्याला भलताच प्रश्न विचारला.

‘किती’ सांगतो तो वाइडबँड सेन्सर. त्याची युक्ती किराणा दुकानातल्या तराजूची आहे. साधा सेन्सर कोणते पारडे खाली गेले एवढेच सांगतो. वाइडबँडमध्ये एका चिंचोळ्या पोकळीत धुराचा अंश शिरतो. तेथील मिश्रण नेमके समतोल राहील अशा बेताने विजेच्या साहाय्याने ऑक्सिजन आत किंवा बाहेर लोटला जातो. लोटण्यास लागलेली विद्युतधारा म्हणजेच पारड्यात टाकलेली वजने. ती मोजली की प्रमाण कळते. बारावीत पोटेन्शिओमीटरचा काटा शून्यावर आणताना तुम्ही हेच तत्त्व वापरता.

इंजिन दुरुस्त करून टर्बोचा दाब पूर्ववत केल्यावर आम्ही असा सेन्सर बसवला. तो टर्बोच्या पुढे, पण धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या अलीकडे बसवला. कारण टर्बोआधीच्या नळीत दाब आणि उष्णता फार, आणि दाबामुळे वाचन चुकते. टोक खाली करून तो क्षितिजसमांतर रेषेपासून किमान १० अंश तिरपा ठेवला, म्हणजे साचलेले पाणी तापलेल्या चिनी मातीसारख्या भागाला तडा देत नाही. सांधे तपासले, कारण फटीतून हवा शिरली तर सेन्सर खोटेच ‘लीन’ दाखवतो.

मग चढावर गाडी नेली. तो गाडी हाकत होता, मी शेजारी बसून आकडे वहीत उतरवीत होतो. पूर्ण दाबावर आकडा आला १३.६! दाब तर मूळचाच होता. आम्ही लगेच परतलो. शोध घेता पेट्रोलचा फिल्टर तुंबलेला सापडला. तो बदलताच आकडा १२ वर आला. नवा पिस्टन वाचला. पहिला पिस्टन वाढवलेल्या दाबाने गेला की तुंबलेल्या फिल्टरने, हे मला आजही सांगता येत नाही. कारण तेव्हा आम्ही मोजलेच नव्हते.

कोणी म्हणेल, सेन्सर व त्याचा नियंत्रक यांसाठी हजारो रुपये कोण घालणार? माझे म्हणणे असे की, ज्याला एवढे परवडत नाही त्याने टर्बोच्या दाबाला हात लावू नये. आणि ज्याने सेन्सर बसवला त्यालाही मनमानीचा परवाना मिळत नाही. गाडीचा नोंदणीतील तपशील बदलेल असा फेरफार करण्यास मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ मनाई करते.

शिक्षक बंधू-भगिनींनो, खरी तक्रार माझी आपल्याविषयी, म्हणजे माझ्याविषयीही आहे. निखारा असलेली काडी परीक्षानळीत भडकली की आपण ‘ऑक्सिजन आहे’ असे लिहून घेतो आणि तास संपवतो. त्यानंतर आणखी एक प्रयोग करा. परीक्षानळी आतून ओली करून तिला लोखंडाचा कीस चिकटवा, ती पाण्यात उपडी ठेवा आणि काही दिवसांनी पट्टीने मोजा. लोखंड गंजताना ऑक्सिजन खर्च होतो आणि पाणी नळीच्या सुमारे एक पंचमांश उंचीपर्यंत चढते. काडीने ‘आहे’ सांगितले होते, पट्टीने ‘किती’ सांगितले. दोन्ही प्रयोग एकाच आठवड्यात झाले, तर मुले हा फरक विसरणार नाहीत.

आणि मित्रहो, १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज-६ निकष लागू झाल्यानंतर बहुतेक नव्या पेट्रोल दुचाकींच्या सायलेन्सरच्या नळीतही ऑक्सिजन सेन्सर असतो. तुमच्या घरच्या गाडीत तो कोठे आहे, ते शोधा. हात लावू नका, फक्त पाहा. मग गॅरेजवाल्या काकांना विचारा की तो नुसते ‘आहे-नाही’ सांगतो, की ‘किती’ तेही सांगतो. माझ्या विद्यार्थ्याने हाच प्रश्न मला विचारला होता. मी घाईने उत्तर दिले. तुम्ही तशी घाई करू नका.