सोबत कोण आहे?

दिवाळीच्या सुट्टीत मी माझ्या सेकंडहँड ईको व्हॅनने जोगेश्वरीहून रत्नागिरीला एकटी गेले आणि एकटी परत आले. जाऊन-येऊन आठ दिवस. निघायच्या आधी आणि वाटेतही मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न एकच होता : "सोबत कोण आहे?" हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही, म्हणून त्यावर लिहिते आहे.

आधी रस्त्याबद्दल. मुंबई-गोवा महामार्ग वडखळला सोडायचा आणि अलिबाग, रेवदंडा, मुरूड असं किनाऱ्याकिनाऱ्याने उतरायचं. पुढे खाड्या आडव्या येतात. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेशवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा चार ठिकाणी गाडीसकट फेरीबोटीत चढावं लागतं. दाभोळची फेरीबोट २००३ मध्ये सुरू झाली. त्याआधी समोर दिसणाऱ्या काठावर गाडी न्यायची तर चिपळूणकडून मोठा वळसा होता. हा रस्ता घाईच्या माणसाचा नाहीच. कितीतरी वेळ दुसऱ्या गिअरमध्ये जातो. एका बाजूला जांभ्याचे गडगे, सुपारीच्या वाड्या आणि वळण संपलं की अचानक समुद्र. व्हॅनच्या मागच्या मोकळ्या जागेत गादी, स्टोव्ह, पाण्याचा कॅन आणि जानमाज. वाटलं तिथे थांबायचं, कुणाला विचारायचं नाही. चाळीशी ओलांडलेल्या, शाळा आणि घर यांच्या वेळापत्रकात वीस वर्षं काढलेल्या बाईला "कुणाला विचारायचं नाही" ही काय चीज आहे, हे वेगळं सांगायला नको.

आता तो प्रश्न. आमच्या मोहल्ल्यात "सोबत कोण आहे?" याचा अर्थ "मेहरम कोण?" असा होतो. मेहरमशिवाय बाईने लांबचा प्रवास करू नये, अशा हदीस आहेत, हे मला ठाऊक आहे. पण त्याच हदीस-संग्रहात हेही आहे की, एक काळ असा येईल जेव्हा हीरा शहरातून निघालेली एकटी बाई काब्यापर्यंत जाईल आणि तिला अल्लाहखेरीज कुणाचं भय नसेल, असं पैगंबरांनी अदी बिन हातिम यांना सांगितलं. ही गोष्ट आपल्या बयानांत क्वचितच ऐकू येते. मेहरमच्या अटीचं कारण रस्त्याची सुरक्षितता होतं, रस्ता सुरक्षित असेल तर हुकूम बदलतो, असं मानणारे उलेमाही आहेत. भारतात २०१८ च्या हजपासून पंचेचाळिशीपुढच्या बायकांना चौघींच्या गटाने मेहरमविना जाता येऊ लागलं. त्याच वर्षी जूनमध्ये सौदी अरेबियात बायकांनी कायदेशीरपणे स्टीअरिंग हातात घेतलं. जिथून आपण परंपरेचे दाखले आणतो तिथली दारं उघडली, आणि जोगेश्वरीत मात्र अजून विचारतात, "वाहिनी, भाईजान सोबत नाहीत?"

गंमत अशी की याच किनाऱ्यावर आमच्या बायकांच्या प्रवासाचा इतिहास पडलेला आहे. दाभोळच्या धक्क्याजवळ आदिलशाहीच्या काळातली देखणी मशीद आहे. तिच्याबद्दल सांगतात की, विजापूरची एक शहजादी मक्केला जायला मोठा लवाजमा घेऊन दाभोळ बंदरात आली. समुद्र सुरक्षित नव्हता, जाता आलं नाही, म्हणून तिने प्रवासाचा पैसा ही मशीद बांधण्यात घातला. आख्यायिका असेल, पण तिच्या केंद्रस्थानी निघालेली बाई आहे. जंजिऱ्याच्या नवाबांची पत्नी नाजली रफिया बेगम यांनी १९०८ च्या आपल्या युरोप प्रवासावर उर्दूत 'सैर-ए-युरोप' लिहिलं. त्यांची बहीण अतिया फैजी १९०६ मध्ये लंडनला गेल्या, तेही शिक्षिकेचं प्रशिक्षण घ्यायला. तिथली त्यांची रोजनिशी लाहोरच्या 'तहजीब-ए-निस्वाँ' या बायकांच्या पत्रिकेत छापून येत होती. या बायका एकट्या नव्हत्या गेल्या, घरची माणसं बरोबर होती आणि हाताशी पैसाही होता, हे खरं. पण त्या गेल्या, पाहिलं आणि स्वतःच्या नावाने लिहिलं. मुरूडला सहलीला जाणाऱ्या किती मुलांना आपण किल्ल्याच्या तोफांबरोबर ही दोन नावं सांगतो?

दुसरं दार मोहल्ल्याबाहेरचं. एका गावात घरगुती राहण्याची सोय होती, मला एक रात्र नीट अंघोळ करून पलंगावर झोपायचं होतं. फोन केला. खोली होती. सोबत कोण, विचारलं. कुणी नाही, म्हटलं. नाव विचारलं, सांगितलं. "घरात विचारून कळवतो," म्हणाले. फोन आला नाही. संध्याकाळी तिथून गेले तेव्हा 'खोली मिळेल'ची पाटी तशीच होती. नकार एकट्या बाईला होता की नावाला, हे मला कळलेलं नाही. एकट्या मुसलमान बाईला ते कधीच कळत नाही. आमचे लोक म्हणतात, बाहेर जाऊ नकोस, जग वाईट आहे. जग खोली नाकारतं आणि आमच्या लोकांना खरं ठरवतं. दोघांचं एकमेकांशी बोलणं नाही, पण काम मात्र मिळून चालतं.

"बरं झालं, तुझ्याकडे व्हॅन होती," असं मैत्रीण म्हणाली. मला ते पटलं नाही. व्हॅन मी हौसेने घेतली, दारं बंद होतील म्हणून नाही. शिवाय गाडीत झोपता येतं, पण गाडीत जगता येत नाही. पाणी लागतं, स्वच्छ संडास लागतो, रात्री दिवा असलेली जागा लागते. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं. चांगलं आहे, पण माझ्यासारखीला मोठ्या कॅराव्हॅन पार्कची गरज नाही. प्रत्येक जेटीवर आणि एसटी स्टँडवर कडी लागणारा, पाणी असणारा संडास दिला तर अर्धं धोरण तिथेच पार पडेल. सोबत नसलेली बाई सगळ्यात जास्त कशाला घाबरते, तर संध्याकाळनंतर याच एका गोष्टीला.

गुहागरच्या पुढे एका म्हाताऱ्या बाईंना अंगणात गाडी लावू का, असं विचारलं. त्यांनी आधी "जेवलीस का?" विचारलं आणि मग नाव. नाव ऐकून "मग मासे चालतील ना?" एवढंच म्हणाल्या. मी हे उदाहरण सगळं गोड आहे असं दाखवायला देत नाही. प्रश्नांचा क्रम बदलला की माणूस किती बदलतो, ते सांगायला देते आहे.

फेरीबोटीवरही "सोबत कोण?" असं विचारतात. तिथे त्याचा अर्थ फक्त "तिकिटं किती?" एवढाच असतो. रेवस-रेड्डी सागरी महामार्गावर आता या खाड्यांवर पूल होणार आहेत. या महामार्गाचं मूळ स्वप्न बॅरिस्टर अ. र. अंतुल्यांचं मानलं जातं, ते याच मुलखातल्या आंबेतचे. पूल हवेतच; प्रसववेदना सुरू झालेल्या बाईला बोटीची वाट पाहायला लावणं याला निसर्गसौंदर्य म्हणत नाहीत. पण रस्ता रुंद झाल्याने प्रश्न रुंद होत नाही.

म्हणून दोन्हीकडच्यांना एकेक विनंती. मोहल्ल्यातल्या आईबापांनो, मुलगी अठराची झाली की तिला लायसन्स काढून द्या, टायर बदलायला शिकवा, आणि पहिल्यांदा अलिबागपर्यंत एकटी जाऊ द्या. काळजी करा, पण काळजीला कुलूप समजू नका. आणि कोकणातल्या खोलीवाल्यांनो, आधार कार्ड जरूर बघा, भाडं आगाऊ घ्या, नियम सांगा. पण नकार द्यायचाच असेल तर तोंडावर कारण सांगून द्या. निदान आम्हाला कळेल तरी की भांडायचं कोणाशी आहे.