वीटभट्टीवर हरवणारी पदके

मे 2025 मध्ये दक्षिण कोरियातील गुमी येथे झालेल्या आशियाई ॲथलेटिक्स अजिंक्यपद स्पर्धेत भारताने 8 सुवर्ण, 10 रौप्य आणि 6 कांस्य अशी 24 पदके मिळवून चीनच्या खालोखाल दुसरे स्थान पटकावले. 2017 साली भुवनेश्वर येथे तर 12 सुवर्णांसह 29 पदके जिंकून भारत अग्रस्थानी होता. 1985 साली जाकार्ता येथे पी. टी. उषा यांनी एकट्यांनी 5 सुवर्णपदके आणली होती. त्या वेळी एका खांद्यावर असलेला भार आज अनेकांनी वाटून घेतला आहे.

हा आलेख अभिमानास्पद आहे, यात शंका नाही. परंतु हे खेळाडू येतात कोठून? गुमी येथे 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये सुवर्ण जिंकणारा अविनाश साबळे बीड जिल्ह्यातील मांडव्याचा. आईवडील वीटभट्टीवर राबणारे, शाळेसाठी रोज सहा किलोमीटरची पायपीट. त्याच्या पायांतील बळ हेरले गेले ते सैन्यात गेल्यावर, 2015 साली, विशीच्या घरात. तो सैन्यात गेलाच नसता तर?

हा प्रश्न कर्जत-खालापूरला विशेष लागू आहे. कोथळीगड, माथेरान, इर्शाळगड यांच्या पायथ्याच्या ठाकर-कातकरी वाड्यांवरील मुले डोंगर तुडवतच वाढतात. मात्र दिवाळी सरली की अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांची आणि कोळसाभट्ट्यांची वाट धरतात, ती पावसाच्या तोंडावर परततात. मुलेही सोबत जातात. शालेय स्पर्धेत चमकलेला मुलगा सरावाच्या ऐन हंगामात विटा उचलत असतो, आणि पुढे शाळेच्या पटावरूनही गळतो.

दारिद्र्यातूनच खेळाडू घडतात, असे कौतुकाने म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. ही समजूत सोयीची आहे, खरी नाही. दारिद्र्यातून जे निसटले, तेवढेच आपल्याला दिसतात. उरलेल्यांची नोंद कोणत्याही पदकतालिकेत नसते.

उपाय अवघड नाहीत. भट्टीच्या हंगामात मुलांना सांभाळणारे वसतिगृह, 400 मीटरची आखलेली मातीची धावपट्टी आणि पहाटे मैदानावर उभा राहणारा क्रीडाशिक्षक, एवढ्याने आरंभ होऊ शकतो. शासनाचे कर्तव्य आहेच. पण कर्जतच्या शेतघरांत सुटी घालवणारी सधन कुटुंबे आणि खोपोलीतील कारखानदार यांनी मनावर घेतले, तर येत्या दिवाळीनंतर काही मुले तरी भट्टीऐवजी मैदानावर दिसतील. विजयाच्या दिवशी तिरंगा पाहून ऊर भरून येणाऱ्या समाजाकडून एवढी अपेक्षा अवास्तव नाही.