एका लेखकाची तीन नावं
भोपाळच्या इंद्रपुरीत, भेलच्या वसाहतीच्या शेजारी, मराठी घरांतल्या कपाटांत आजोबांची पुस्तकं आहेत आणि नातवंडं हिंदीत शिकली आहेत. अशा ठिकाणी ग्रंथपालाने वेबवरची नवी साधनं हाताळणं मला फार मोलाचं वाटतं. कोहा ही ग्रंथालयप्रणाली न्यूझीलंडमधल्या एका लहान ग्रंथालयसंस्थेसाठी तयार झाली आणि २००० सालापासून सर्वांना मोफत मिळते. छोट्या वाचनालयालाही ती पेलते. खरं कौशल्य मात्र नोंदींत लागतं. कादंबरीकार हरि नारायण आपटे यांचंच पाहा: एकाने ‘ह. ना. आपटे’ लिहिलं, दुसऱ्याने ‘हरि नारायण’, तिसऱ्याने ‘हरी’, की संगणकाच्या लेखी तीन लेखक होतात आणि वाचकाला निम्मी पुस्तकं सापडतच नाहीत. एक प्रमाण नाव ठरवून बाकीची त्याला जोडणं, हे काम कंटाळवाणं असेल, पण त्याच्याइतकं उपकारक दुसरं नाही. वाचकाचा वेळ वाचवा, हा ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचा १९३१ सालच्या ग्रंथातला नियम इथे अक्षरशः लागू पडतो. नोंदींइतकंच मोफत साहित्य वाचकांपर्यंत पोचवणंही ग्रंथपालाला जमतं. आपटे १९१९ मध्ये गेले. त्यामुळे त्यांचं लेखन केव्हाच स्वामित्वमुक्त झालं आहे. मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे यांचे शब्दकोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विनामूल्य चाळता येतात, तर मराठी विश्वकोश त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावर. घरी हीच सवय कामी येते: औषधांच्या चिठ्ठ्या, वीजबिलं, आजीच्या हातच्या पाककृती फोनवर टिपाव्यात आणि प्रत्येक नोंदीला सहज शोधता येईल असं नाव द्यावं. नातवंडांना हे दाखवायला ग्रंथपालाइतका योग्य माणूस वस्तीत दुसरा कोण असणार?