आधी निदान, मग पार्ट

जुनी मोटार ‘मिसिंग’ करू लागली आणि तिच्याखाली ऑइलचे थेंब दिसू लागले, की गॅरेजमध्ये बहुतेक वेळा एकच क्रम घडतो. आधी प्लग बदलले जातात, मग प्लगच्या वायरी, मग कॉइल. ऑइल थांबावे म्हणून दिसेल त्या सांध्याला सीलंट फासले जाते. चार दिवस बरे जातात आणि गाडी पुन्हा थरथरू लागते. तापाचे कारण न शोधता गोळ्या बदलत राहावे, तसाच हा प्रकार आहे.

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत ‘एमएच ४२’ची पाटी असलेल्या जुन्या गाड्या आजही रोजच्या कामाच्या आहेत. त्यांच्या दुखण्याला अलीकडे एक सोपे कारण मिळाले आहे: इथेनॉलचे पेट्रोल. साखर कारखान्यांच्या या पट्ट्यात इथेनॉल हा शब्द कुणाला परका नाही. २०२५ मध्ये देशात पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर पोहोचले. त्यामुळे इंजिन अडखळले तरी इथेनॉल आणि ऑइल गळले तरी इथेनॉल, असे आता म्हटले जाते. त्यातले अर्धे खरे असू शकते. पण तपासल्याशिवाय कुठले अर्धे, हे कळत नाही.

मिसिंग म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये मिश्रण पेटतच नाही किंवा अर्धवट पेटते. मारुती ८०० सारख्या तीन सिलिंडरच्या गाडीत एक सिलिंडर बसले, तर इंजिनाची सुमारे एक तृतीयांश ताकद जाते. न जळलेले पेट्रोल धुराड्यातून बाहेर पडते. पेट्रोलमध्ये बेंझिन असते आणि ते कर्करोगकारक आहे. गाडीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असेल, तर हे पेट्रोल तिथे जाऊन जळते आणि कन्व्हर्टर तापून निकामी होतो. बंद शेडमध्ये गाडी चालू ठेवून तपासणे तर जिवावर बेतू शकते, कारण कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो आणि वासही नसतो. म्हणून हा प्रश्न खिशाइतकाच श्वासाचाही आहे.

निदान अवघड नाही, फक्त त्याला क्रम लागतो. इंजिन आयडलिंगवर ठेवून मेकॅनिक एकेका सिलिंडरचे इंजेक्टर कनेक्शन थोडा वेळ काढून पाहतो. इंजिनाचा वेग उतरला तर ते सिलिंडर काम करत होते. काहीच फरक पडला नाही तर दोष तिथेच. मग त्या सिलिंडरचा प्लग शेजारच्या सिलिंडरला लावायचा. दोषही शेजारी गेला तर प्लग खराब. हीच परीक्षा कॉइलची. दोष जागचा हलला नाही, तर कॉम्प्रेशन मोजायचे. कमी भरले तर सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजायचे. आकडा वाढला तर बहुधा रिंगा झिजल्या आहेत. वाढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटकडे पाहायचे. यात एकही नवा पार्ट विकत घ्यावा लागत नाही.

गळतीचेही तसेच. ऑइल खाली उतरते आणि चालत्या गाडीत वाऱ्याने मागे पसरते. त्यामुळे थेंब जिथे पडतो, तिथे गळती असतेच असे नाही. आधी इंजिन स्वच्छ करावे, थोडी टाल्कम पावडर मारावी, गाडी फिरवून आणावी आणि सर्वांत वरची ओली जागा शोधावी. जुन्या गाड्यांत अनेकदा ती टॅपेट कव्हरच्या पॅकिंगपाशी सापडते.

मुख्य म्हणजे ही दोन दुखणी कधी कधी एकाच मुळाची असतात. काही इंजिनांत प्लग टॅपेट कव्हरच्या मधोमध खोल बसवलेले असतात. तिथले पॅकिंग गेले की ऑइल प्लगच्या खोबणीत साचते आणि ठिणगी भलतीकडे जाते. रिंगा झिजल्या किंवा ब्रीदर पाइप तुंबला, की इंजिनाच्या पोटात दाब वाढतो आणि तो ऑइल सीलमधून वाट काढतो. अशा वेळी नवे सील टाकूनही गळती परत येते.

इथेनॉलचा वाटा याच चौकटीत तपासता येतो. त्याच्यामुळे मिश्रणात पेट्रोलचा अंश कमी पडतो, आणि कार्बोरेटरच्या गाडीला ते आपोआप सावरता येत नाही. त्यातून मिसिंग होऊ शकते. जुने रबरी पाइप कडक किंवा फुगीर होऊ शकतात. उभ्या गाडीच्या टाकीत ते पाणी शोषते. पण इंजिनाखाली गळणाऱ्या काळ्या ऑइलचा दोष इथेनॉलच्या माथी मारणे बहुतेक वेळा चुकीचेच ठरते. ती झीज वर्षांची असते.

एक साधा अहवाल तर गाडीच्या कागदांतच असतो. पीयूसीच्या चिठ्ठीवर पेट्रोल गाडीचे कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन हे दोन आकडे असतात. हायड्रोकार्बन वाढलेले आणि कार्बन मोनॉक्साइड बेताचे, तर मिसिंगचा संशय घ्यावा. कार्बन मोनॉक्साइडच वाढलेले, तर पेट्रोल जास्त जात असावे. रक्ताच्या रिपोर्टसारखी वाचण्याची ही चिठ्ठी केवळ दंड टाळण्यासाठी घडी करून ठेवली जाते.

काढलेले काळे ऑइल नाल्यात जाणे हाही आरोग्याचाच प्रश्न आहे. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले ऑइल घातक कचऱ्यात मोडते. ते कऱ्हेत, नीरेत किंवा उजनीच्या पाण्यात पोहोचले, तर त्याची किंमत शेती आणि मासेमारी करणाऱ्यांना मोजावी लागते. हात धुण्यासाठी पेट्रोल आणि पुसायला ऑइलचे फडके वापरणाऱ्या मेकॅनिकच्या त्वचेलाही त्याचा त्रास होतो.

गाडीमालकाने म्हणूनच गॅरेजात पहिला प्रश्न ‘किती खर्च येईल?’ असा विचारू नये. ‘कोणते सिलिंडर, कसे तपासले आणि कॉम्प्रेशन किती भरले?’ हे आधी विचारावे. आणि या तपासणीचे वेगळे पैसे देण्याची तयारी ठेवावी. डॉक्टरांना आपण तपासणीची फी देतो. मेकॅनिकला मात्र फक्त पार्ट बदलल्याचे पैसे मिळतात. मग तो पार्टच बदलत राहिला, तर दोष त्याच्या एकट्याचा नाही.