आधी वर्ग, मग विमान

थाई शिकायची म्हणून बँकॉकला येऊ पाहणाऱ्या पोराला आपल्या मंडळींकडून मिळणारा पहिला सल्ला ठरलेला असतो: "तू आधी ये तर खरा, पर्यटक म्हणून. पुढचं इथं आल्यावर बघू." सल्ला मायेपोटी दिलेला असतो, त्यात खोट नसते. तरीही तो देणं आपण थांबवलं पाहिजे असं माझं मत आहे. इथल्या आपल्या मराठी मंडळाच्या अंकातच हे लिहितोय, कारण सल्ला देणारे आपणच असतो आणि नंतर निस्तरणारा तो पोरगा असतो.

या सल्ल्याचा आधार काय, तर व्हिसामाफी. नोव्हेंबर २०२३ मध्ये थायलंडने भारतीयांना ३० दिवस विनाव्हिसा राहायची मुभा दिली आणि १५ जुलै २०२४ पासून ती ६० दिवसांची केली. हा निर्णय हॉटेलं आणि विमानं भरावीत म्हणून घेतलेला होता, कुणी थाई व्याकरण शिकावं म्हणून नव्हे. पर्यटनासाठी दिलेले दिवस पर्यटनाचं गणित बदललं की कमी होऊ शकतात. अशा मुभेवर वर्षभराच्या शिक्षणाचा पाया घालणं मला पटत नाही.

"पण इथं आल्यावर व्हिसा बदलता येतो की!" येतो. पण त्यासाठी अर्ज देताना मुक्कामाचे किमान १५ दिवस शिल्लक लागतात, शाळेची कागदपत्रं हातात लागतात आणि शेवटी अधिकाऱ्याची मर्जी लागते. साठ दिवस मिळाले असं धरलं, तरी त्यातले पंधरा वजा करा. उरलेल्या पंचेचाळीसांत खोली शोधायची, शाळा निवडायची, फी भरायची आणि शाळेने शिक्षण खात्याकडून कागद आणायचा. तो वेळेत आला नाही तर लाओसच्या सीमेवर जाऊन परत येण्याचा जुना उपाय कुणीतरी सुचवतंच. अशा वारंवार फेऱ्या मारणाऱ्यांना इमिग्रेशनवाले आता परत पाठवू लागलेत. म्हणजे फी भरलेली, खोलीचं डिपॉझिट अडकलेलं आणि पोरगा व्हिएंतियानमध्ये.

सरळ रस्ता मुंबईतून जातो. तोही आता मुंबईला न जाता: १ जानेवारी २०२५ पासून भारतातून थाई व्हिसाचा अर्ज ऑनलाइनच करायचा आहे आणि महाराष्ट्रातले अर्ज मुंबईतल्या थाई वकिलातीकडे जातात. विद्यार्थ्यासाठीचा वर्ग आहे 'नॉन-इमिग्रंट ईडी'. (आपल्याकडे ईडीचं नाव काढलं की माणूस आधी वकील शोधतो. इथल्या ईडीचा अर्थ फक्त एज्युकेशन.) शाळा थाई शिक्षण मंत्रालयाच्या खाजगी शिक्षण कार्यालयाचा परवाना असलेली हवी, नाहीतर चुलालाँगकॉर्नसारखं विद्यापीठ. परवाना दाखवायला टाळाटाळ करणाऱ्या शाळेत पैसे भरू नयेत, मग फी कितीही कमी असो.

आता गावाकडची बाजू. मी कोऱ्हाळे बुद्रुकचा. नीरा डाव्या कालव्याचं पाणी, सोमेश्वर कारखान्याचा पट्टा. आमच्याकडे पैसा नसतो असं नाही, पण तो महिन्याच्या एक तारखेला येत नाही. ऊस तुटून गेला की पहिला हप्ता, मग कधी खोडकी बिल, मग दिवाळीचं बिल. मधल्या काळात विकास सोसायटीचं पीककर्ज आणि दुधाचा पगार. वकिलातीला मात्र बँकेचं स्टेटमेंट दिसतं, शेत दिसत नाही. त्यातून खातं वडिलांचं, सातबारा आजोबांच्या नावावर आणि खर्च करणार चुलता, अशी आपल्या एकत्र कुटुंबाची रीत. ती अर्जात आपोआप कळत नाही. खर्च कोण उचलणार, त्याचं नातं काय, पैसा कुठून येतो, हे एका साध्या इंग्रजी पत्रात लिहून त्याच माणसाच्या खात्याचं स्टेटमेंट जोडलं की बरंच काम होतं. अर्जाच्या आदल्या आठवड्यात पाहुण्यांकडून तीन लाख उसने घेऊन खात्यात टाकण्याची युक्ती करू नये. अचानक फुगलेलं खातं तपासणाऱ्याच्या नजरेत भरतं आणि जे खरं होतं त्यावरही शंका येते.

व्हिसा मिळाला, विमानतळावर ९० दिवसांचा शिक्का बसला. इथून पुढे आपली पोरं हमखास गोंधळतात, कारण नव्वद हा आकडा इथं दोन वेगळ्या कामांना लागतो. पहिलं काम मुदतवाढीचं. बहुतेक खाजगी भाषाशाळांच्या विद्यार्थ्यांना ती एका वेळी ९० दिवसांचीच मिळते. अर्ज टीएम ७ नावाचा, फी १,९०० बात. दुसरं काम नव्वद दिवसांच्या हजेरीचं. सलग नव्वद दिवस देशात राहिलात की टीएम ४७ भरून पत्ता कळवायचा. त्याला पैसे पडत नाहीत, मात्र विसरलात तर दंड होतो. पहिली मुदतवाढ घेताना ही हजेरी त्यातच धरली जाते, आणि म्हणून दोन्ही एकच आहेत असा समज पक्का होतो. पुढे मधेच कुणी पुनर्प्रवेश परवाना घेऊन देशाबाहेर जाऊन आला, की हजेरीचे नव्वद दिवस नव्याने सुरू होतात आणि मुदतवाढीची तारीख आहे तिथंच राहते. दोन तारखा कायमच्या फुटतात. पोरगा हजेरी देऊन निर्धास्त होतो आणि मुदत केव्हाच संपलेली असते. मुदतीनंतरच्या प्रत्येक दिवसाला ५०० बात, जास्तीत जास्त २०,०००. नव्वद दिवसांपेक्षा जास्त राहून आपणहून निघालात तर वर्षभर प्रवेशबंदी. त्याआधी पोलिसांच्या हाती लागलात तर पाच वर्षं.

दुसरी अडचण दिवाळीत येते. मुदतवाढ घेतलेली आहे, पासपोर्टवर पुढच्या महिन्याची तारीख दिसते आहे, म्हणून पोरगा बहिणीच्या लग्नाला किंवा लक्ष्मीपूजनाला गावी जातो. देश सोडण्याआधी टीएम ८ चा पुनर्प्रवेश परवाना घेतला नसेल तर सीमेबाहेर पाऊल पडताच ती मुदत संपते. एका फेरीचा परवाना १,००० बातला मिळतो, अनेक फेऱ्यांचा ३,८०० ला. एवढ्यासाठी आख्खं वर्ष घालवू नये. गावी येणार हे ज्याला ठाऊक आहे त्याने विमानाच्या तिकिटाआधी हा परवाना काढावा.

आपला, म्हणजे इथं स्थायिक झालेल्यांचा, खरा संबंध येतो तो टीएम ३० शी. परदेशी माणूस मुक्कामाला आला की २४ तासांत घरमालकाने किंवा घराच्या ताबेदाराने इमिग्रेशनला कळवायचं, असा हा नियम. गावचा पोरगा पहिले पंधरा दिवस आपल्याकडे उतरतो, आपण पिठलं-भाकरी करून घालतो आणि टीएम ३० मात्र कुणी भरत नाही. मग तो चेंग वत्तानाच्या इमिग्रेशन कार्यालयात मुदतवाढीच्या रांगेत तास न् तास उभा राहतो आणि खिडकीवर कळतं, की नोंदच नाही. अर्ज तिथंच अडकतो. चूक घर देणाऱ्याची, आणि आपल्यातल्या बहुतेकांना हे माहीत असूनही आळस आडवा येतो.

"केवढा हा जाच," असं आपण म्हणतो. पुण्यात पाली आणि बौद्ध अध्ययन शिकायला थायलंडहून भिक्खू येतात, त्यांना विचारून पाहा. त्यांना राहायला जागा देणाऱ्याने २४ तासांत त्यांच्या मुक्कामाची माहिती भरून कळवायची असते आणि दीर्घ मुदतीच्या व्हिसावर आलेल्या विद्यार्थ्याने १४ दिवसांत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करायची असते. आपल्या सरकारने १ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशनचा नवा कायदा लागू केला, तरी नोंदणीची पद्धत काही गेली नाही. पुण्यातला घरमालक जेव्हा "परदेशी भाडेकरू नको, पोलिसांची कटकट असते" म्हणतो, तेव्हा तोही याच कागदाबद्दल बोलत असतो.

तरीही एक तक्रार मला रास्त वाटते. रोज सकाळी नऊला वर्गात बसणाऱ्या पोरीला दर तीन महिन्यांनी अर्धा दिवस रांगेत आणि १,९०० बात खिडकीवर द्यावे लागतात. वर्ष काढायचं तर तीनदा, म्हणजे ५,७०० बात, आणि शाळेची पत्रं वेगळी. हजेरीपत्रक चोख असलेल्याला सहा महिन्यांची मुदत एकदम द्यायला काय हरकत आहे? माझ्या मते काहीच नाही. पण ती मिळत नाही याला कारणही आपल्यासारखेच परदेशी आहेत. ईडी व्हिसा घ्यायचा, वर्गात दोनदा तोंड दाखवायचं आणि बाकी वेळ दुकानात नाहीतर हॉटेलात काम करायचं, हा धंदा इथं वर्षानुवर्षं चालत आलाय. म्हणून आता मुदतवाढीच्या टेबलावरचा अधिकारी कधी कधी थाईतच विचारतो: कुठे राहता, शाळेत काय शिकवतात. वर्गात बसलेल्याला तो प्रश्न म्हणजे फुकटचा सराव. न बसलेला शाळेच्या एजंटाकडे बघतो.

उसाची नोंद जशी गटनंबरावर होते तसा हा व्हिसा शाळेवर नोंदलेला असतो. शाळा सोडली की देशात राहण्याचं कारणही सुटलं. शाळा बदलायची तर आधीच्या शाळेला कळवून, नव्या शाळेचे कागद तयार ठेवून. आणि काम? अजिबात नाही. फुकट "मदत" सुद्धा नाही. परवान्याशिवाय काम करताना सापडल्यास ५,००० ते ५०,००० बात दंड आणि परत पाठवणी. आपल्यातले काही व्यावसायिक "शिकता शिकता दुकानात बस, हातखर्च सुटेल" म्हणतात. त्यांना हे ऐकायला आवडणार नाही, पण पकडला जातो तो पोरगा.

याच फटीतून एजंट शिरतात. बारामती-इंदापुरात "थायलंडला शिक्षण आणि नोकरी" असं एकत्र विकणारा कुणी भेटला तर तिथूनच परत फिरावं. थायलंडच्या भाषाव्हिसावर नोकरी हा प्रकारच नाही. नोकरी म्हणून बँकॉकला आणून पुढे म्यानमारच्या सीमेपलीकडच्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांत नेलेल्या भारतीयांची उदाहरणं ताजी आहेत. मार्च २०२५ मध्ये थायलंडमधल्या माई सोतहून हवाई दलाच्या विमानांनी ५४९ जणांना परत आणलं. आणखी एक गोष्ट घरच्यांना ठाऊक नसते. ज्या देशांत नोकरीला जाताना दहावी न झालेल्या माणसाला सरकारची इमिग्रेशन मंजुरी लागते, त्यांच्या यादीत आखाती देशांबरोबर थायलंडही आहे. ती मंजुरी टाळण्यासाठी "तू विद्यार्थी म्हणून जा" असं कुणी सांगत असेल, तर तो काय करतोय ते ओळखावं.

मग ज्याला वर्षभर बसायचंच नाही त्याने काय करावं? त्याने ईडी मागू नये, इतकंच. पर्यटक म्हणून इथं हिंडावं, जमलं तर छोटा वर्ग करावा आणि परत जावं. २०२४ साली आलेला डीटीव्ही नावाचा पाच वर्षांचा व्हिसाही लोक सुचवतात. त्याला पाच लाख बातची शिल्लक दाखवावी लागते, आणि तो मुख्यतः परदेशातल्या कंपनीचं काम दुरून करणाऱ्यांसाठी, शिवाय थाई स्वयंपाक किंवा मुए थाई शिकणाऱ्यांसाठी आहे. भाषाशिक्षणाचा तो राजमार्ग नव्हे. शेतकऱ्याच्या घरी तर तो प्रश्नच येत नाही.

माझा आग्रह उलटा आहे. पहिले तीन महिने कोऱ्हाळ्यात बसूनच शिका. थाई लिपीत ४४ व्यंजनं आहेत, पण त्यांची मांडणी आपल्या मुळाक्षरांसारखीच ओळखीची: आधी क-वर्ग, मग च-वर्ग, तशीच पुढे. इंग्रजी किंवा चिनी विद्यार्थ्याला ही ओळ घोकावी लागते, आपल्याला अर्धी पाठच असते. पाच सूर मात्र कानाने शिकायचे, ते ऑनलाइन शिक्षकाशी रोज अर्धा तास बोलूनही होतं. लिपी वाचता येणारा पोरगा इथं थेट दुसऱ्या टप्प्यात बसतो, आणि व्हिसाच्या मोजक्या दिवसांतले तीन महिने 'क, ख' गिरवण्यात जात नाहीत. शिवाय घरबसल्या तीन महिन्यांत ज्याचा उत्साह ओसरतो, त्याच्या वडिलांचे दोन-अडीच लाख वाचतात.

मंडळाने काय करावं हेही सांगतो. एप्रिलमध्ये सोंगक्रानच्या सणाला कार्यालयं बंद होतात, तेव्हा कार्यकारिणीला वेळ असतो. त्या आठवड्यात आपापल्या घराची टीएम ३० ची ऑनलाइन खाती उघडून ठेवावीत. पाहुणा आला की पाच मिनिटांचं काम राहील. आणि जूनमध्ये वर्ग सुरू करायचा असेल त्या पोराने कारखान्याचा हंगाम संपायची वाट पाहू नये. शाळेला पत्र जानेवारीत लिहावं, उसाचा हप्ता जमा झाला की फी थेट शाळेच्या नावे बँकेतून पाठवावी, एजंटाच्या हातात नाही. शाळेचे कागद मार्चपर्यंत यावेत, व्हिसाचा अर्ज एप्रिलमध्ये जावा. विमानाचं तिकीट सगळ्यात शेवटी. आणि ते काढण्याआधी ज्याच्या घरी उतरायचं त्याला फोन करून पासपोर्टच्या पानाचा फोटो पाठवून द्यावा.