इगर्जीतला वारा

"रे, आपल्या मालवणात देवळां काय कमी आसत? त्या इगर्ज्यांचे फोटू कशाक काढतंस?" असे आमची आये दर सुटीत मला एकदा तरी विचारते.

तिचा प्रश्न रास्त आहे. मराठीच्या प्राध्यापकाने सुटीत उत्तरपत्रिका तपासाव्यात, किंवा निदान संशोधनाच्या नावाखाली दुपारची झोप काढावी, अशी जगाची अपेक्षा असते. मी मात्र गळ्यात कॅमेरा आणि काखेत तिवई घेऊन जुन्या इगर्ज्या धुंडाळीत हिंडतो. पण हा दोष माझा नव्हे. फादर स्टीफन्सचा आहे.

हा इंग्रज पाद्री १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१९ मध्ये वारला. मधल्या चाळीस वर्षांत त्याने मराठी इतकी आत्मसात केली की तिच्यात हजारो ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' रचले. १६१६ साली ते राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. त्या पहिल्या छापाची एकही प्रत आज हाती नाही. वर्षानुवर्षे मी हे पुराण वर्गात शिकवतो. एकदा एका मुलीने विचारले, "सर, तुम्ही राशोल पाहिले आहे का?" मी पाहिले नव्हते. वर्गात माझी इतकी फजिती पूर्वी कधी झाली नव्हती. पुढच्याच शनिवारी बांद्यावरून पत्रादेवी ओलांडली, पणजी मागे टाकली, झुवारी पार केली आणि मडगावजवळचे राशोल गाठले.

सेमिनरीची ती पांढरीशुभ्र इमारत आणि तिच्यातली इगर्ज पाहून मी हरखून गेलो. इगर्जीचा फोटो काढणे हे वाटते तितके सोपे नाही. मनोरा नीट यावा म्हणून कॅमेरा वर करावा, तो खांब दारुड्यासारखे एकमेकांच्या अंगावर झुकू लागतात. आत काळोख, आणि झरोक्यातून येणारे ऊन मात्र डोळे दिपवणारे. फ्लॅश मारू नये, तो सोनेरी नक्षीचा सारा गंभीरपणा घालवतो. तिवई रोवायची, श्वास रोखायचा आणि वाट पाहायची. जुन्या गोव्यातल्या से कॅथीड्रलने तर माझी वेगळीच थट्टा केली. दोन बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून मी अर्धा तास डावीउजवीकडे सरकत होतो. शेवटी ध्यानात आले की तिचा एक मनोरा १७७६ मध्येच कोसळलेला आहे!

राशोलला असाच वर पाहत असताना गायकवृंदाच्या सज्जात एक जुना पाइप ऑर्गन दिसला. रांगेने उभ्या असलेल्या धातूच्या नळ्या. मी फोटो काढला, पण आवाज काही ऐकायला मिळाला नाही.

'ऑर्गन' म्हटला की आपल्यापुढे उभी राहते ती संगीत नाटकाची बैठक. बालगंधर्वांचे पद, तिरखवाँचा तबला आणि शेजारी पायाने भाता हलवीत वाजवायचा ऑर्गन. त्याच्या पोटात पितळी पट्ट्या असतात. आमच्या दशावताराची पायपेटी हे त्याच घराण्यातले गरीब भावंड. पण इगर्जीतला ऑर्गन निराळा. त्यात प्रत्येक स्वराला स्वतंत्र नळी. काही नळ्या बासरीसारख्या शीळ घालतात, काहींच्या तोंडात सनईसारखी जीभ असते. नळी अर्ध्या लांबीची केली की स्वर एक सप्तक वर जातो. त्यामुळे एकाच वाद्यात माणसाहून दुप्पट उंचीच्या नळ्या असतात आणि पेन्सिलीएवढ्याही असतात. वाजवणारा हातांनी तर वाजवतोच, पण खालच्या लाकडी पट्ट्यांवर पायांनीही वाजवतो. म्हणजे पाय मोकळे हवेत. मग भाता कोणी मारायचा?

त्यासाठी पूर्वी वाद्याच्या मागे किंवा बाजूला, कोणाच्या नजरेला न पडेल असा, एक माणूस उभा असे. सारी प्रार्थना होईपर्यंत त्याने भाता वरखाली करीत राहायचे. तो दमला की मोठमोठ्या संगीतकारांची रचनासुद्धा धापा टाकू लागे.

मुंबईच्या इगर्ज्या मी पाहिल्या त्या हे कळल्यानंतर. १७१८ मध्ये उघडलेले फोर्टातले सेंट थॉमस कॅथीड्रल पाहिले. 'चर्चगेट' हे नाव आपण दिवसातून दहा वेळा घेतो, ते या चर्चच्या दिशेने असलेल्या कोटाच्या दरवाजावरून पडलेले. पहिल्या अफगाण युद्धात पडलेल्यांच्या स्मरणार्थ बांधलेले, १८५८ सालचे कुलाब्याचे अफगाण चर्चही पाहिले. पाट्यांवर सेनापतींची नावे आहेत, शिपायांची आहेत, देणगीदारांची आहेत. कॅमेऱ्याच्या भिंगातून मी ती एकेक वाचली. भातेवाल्याचे नाव मला तरी कुठे आढळले नाही.

आणि मग कुलाब्याच्याच होली नेम कॅथीड्रलमध्ये एका दुपारी ऑर्गन ऐकायचा योग आला. वाजवणारे गृहस्थ सराव करीत होते. पहिला खर्ज निघाला तो कानांनी ऐकू येण्याआधी बाकाच्या लाकडातून पाठीला कळला. मी लगेच तिवई उघडली. या खांबामागून एक, त्या कमानीखालून एक, नळ्यांवर ऊन आले तेव्हा आणखी चार. किती वेळ गेला कोण जाणे. खट्कन झाकण बंद झाल्याचा आवाज आला तेव्हा माझ्याजवळ त्रेचाळीस फोटो होते आणि कानात एकही सूर नव्हता.

परतीच्या गाडीत त्या रात्री मला झोप आली नाही. राहून राहून आमच्या माजघरातला फोटो आठवत होता.

आमचे बाबा शाळामास्तर. जत्रांच्या दिवसांत ते दशावताराला पायपेटीची साथ करीत. माजघरातल्या फोटोत ते पेटीवर बसलेले आहेत. मान किंचित वळलेली, बोटे पट्ट्यांवर. बाबांचा वाजवताना काढलेला तेवढा एकच फोटो घरात आहे. त्यांच्या वादनाची एक कॅसेट होती, तिला मालवणच्या पावसाळ्याने बुरशी आणली. पण मला त्या रात्री आठवली ती वेगळी गोष्ट. शेवटच्या काही वर्षांत बाबांचे गुडघे गेले होते. पाय हलेनात. तेव्हा संध्याकाळी आये पेटीखाली जमिनीवर बसे आणि दोन्ही हातांनी ते पायटे आळीपाळीने दाबी. बाबा वर भैरवी वाजवीत. तो फोटो त्याच दिवसांतला. नीट पाहिले तर खालच्या कोपऱ्यात लुगड्याचा चार बोटे काठ दिसतो. आये चौकटीबाहेर राहिली आहे. फोटो काढणारा मीच होतो.

पुढल्या सुटीत मी पुन्हा त्या कॅथीड्रलमध्ये गेलो. कॅमेरा पिशवीतून बाहेर काढला नाही. वाजवणाऱ्यांची परवानगी घेऊन मोबाइल बाकावर ठेवला, ध्वनिमुद्रण चालू केले आणि स्वस्थ बसलो. काय वाजवले गेले याचे नाव मला सांगता येणार नाही, पण त्यातला एक सूर हळूहळू वर चढत गेला आणि शेवटी खालच्या सगळ्या सुरांनी त्याला उचलून धरले, ते मला आजही आठवते.

घरी आल्यावर पडवीत आयेला ते ऐकवले. ती ऐंशीच्या घरात आहे, कानांनी जरा कमी ऐकते. मोबाइल कानाशी धरून तिने सबंध ऐकले. मी म्हटले, आता विचारील, हे कसले वाद्य, कोणाची प्रार्थना. तिने मोबाइल खाली ठेवला आणि विचारले, "आणि ह्येका भातो कोण मारता?"

"आता माणूस लागत नाही, आये. विजेची मोटर असते."

ती जरा वेळ गप्प राहिली. मग हातातल्या बांगड्या मागे सारीत म्हणाली, "विजेक सम खंय कळतली?"