रंगाखालचा पत्रा
सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून जोडलेली, किक मारून सुरू होणारी जीप डिसेंबर २०२१ मध्ये देशभर गाजली. उद्योगपती आनंद महिंद्रांनी तिच्या बदल्यात त्यांना नवी बोलेरो दिली. लातूर-नांदेडच्या गॅरेजांतही अशी जोडाजोड करणारे हात आहेत. मला खरं अप्रूप वायरिंगचं. १२ व्होल्टच्या गाडीत बॅटरीची निगेटिव्ह चॅसीला बोल्टनं जोडतात; त्या बोल्टखालचा रंग पॉलिश पेपरनं घासून लख्ख पत्रा काढला नाही, तर दिवे मिणमिणतात, हॉर्न घोगरा होतो. फ्यूज बॅटरीलगतच हवा, नाहीतर सोललेली एखादी वायर गाडी पेटवू शकते. गॅरेजांतली अशी पोरं आयटीआयनं हुडकून हाताशी धरावीत. अशी गाडी रस्त्यावर आणायला आरटीओची नोंदणी लागते, तेही त्यांना तिथंच कळेल.